घरचंच बरं, पण कोणासाठी?

गेल्या रविवारी, अठराव्या रोज्याला, आमच्या स्वयंपाकघरात संध्याकाळी गॅस पेटला नाही. रमजानमध्ये ही गोष्ट इतकी नवलाची की साडेपाचच्या सुमारास शेजारच्या काकूंनी भिंतीवरून डोकावून विचारलं, "आज भज्यांचा वास नाही आला, सगळं ठीक आहे ना?" मी म्हटलं, "काकू, आज आम्ही बाहेर चाललोय इफ्तारला." त्यांना मनापासून बरं वाटलं. "जा जा," म्हणाल्या, "महिनाभर उभीच असतेस."

काकूंनी जे एका वाक्यात ओळखलं, ते आमच्या घरात ओळखायला अठरा दिवस लागले होते. पण ओळखलं हेही नसे थोडके. शनिवारी रात्री नवरा म्हणाला, "उद्या तुला सुट्टी. मुलांनाही बदल होईल." मुलानं लगेच मोबाइलवर जाहिरात दाखवली. शहराबाहेर, हायवेच्या कडेला नव्यानं उघडलेलं ग्रिल रेस्टॉरंट. 'रमजान स्पेशल, अनलिमिटेड इफ्तार.' मोठ्यांना ७९९ रुपये, लहानांना ४४९, जीएसटी वेगळा. सासूबाईंनी चष्मा वर करून आकडा पाहिला आणि म्हणाल्या, "इत्ते पैसे कायकू? हमारा पेट तो लिमिटेडच है."

सासूबाईंचं हे वाक्य तेव्हाच मनावर घ्यायला हवं होतं. पण खरं सांगते, मला त्या दिवशी कबाब नको होते, मला फक्त बसायचं होतं.

रोजा न ठेवणाऱ्या वाचकांसाठी थोडं सविस्तर सांगते. रमजानमधला माझा दिवस पहाटे साडेतीनला सुरू होतो. घरातले बाकीचे सव्वाचारला उठतात, कारण तोवर सहरीच्या पोळ्या झालेल्या असतात. मग भांडी, नमाज, तासभर डोळा लागला तर लागला. दहाला कॉलेज. कोरड्या घशानं उर्दूचे दोन तास, पेपर तपासणी, विभागाची बैठक. साडेचारला घरी. पाचपासून पुन्हा ओट्यापाशी. कांदा चिरायचा, डाळ वाटायची, फळं कापायची, सरबत ढवळायचं, कढई तापवायची. साडेसहाच्या आसपास मगरीबची अजान होते आणि तेरा तासांचा रोजा सुटतो. त्याआधीचा दीड तास हा घरातल्या बाकीच्यांसाठी दिवसातला सगळ्यात शांत वेळ असतो. कोणी कुरआन वाचतं, कोणी आडवं होतं, कोणी घड्याळाकडे बघतं. माझ्यासाठी तो सगळ्यात धावपळीचा वेळ.

आणि हे सगळं चव न बघता. हनफी फिकहच्या पुस्तकांत रोजा असताना विनाकारण पदार्थाची चव घेणं मकरूह, म्हणजे नापसंत, मानलेलं आहे. पण त्यात एक सवलत दिलीय. नवरा तापट असेल आणि मिठावरून घर डोक्यावर घेणारा असेल, तर बाईनं जिभेच्या टोकावर चव बघून थुंकून टाकावी, हरकत नाही. लहानपणी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खूप हसले होते. आता वाटतं, त्या उलेमांना घर काय असतं ते चांगलं माहीत होतं. माझा नवरा तापट नाही. त्यामुळे ती सवलतही माझ्या वाट्याला येत नाही.

तर आम्ही पाच जण सहा वाजता त्या रेस्टॉरंटच्या दारात पोचलो. दारावर कापडी मिनार, आत छतापासून लोंबणारे अरबी कंदील, एका कोपऱ्यात पुठ्ठ्याचा उंट. सोलापुरात माझा जन्म गेला. रमजानमध्ये इथं विजापूर वेशीचा मीना बाजार गजबजतो, फळांच्या गाड्यांवर कलिंगडाच्या फोडी लागतात, गल्लीतल्या मशिदीत घराघरातून ताटं जातात. पण उंट मी अजून एकाही रमजानमध्ये पाहिलेला नाही. धाकटीनं त्याच्यासोबत फोटो काढला. चला, कोणाचा तरी पैसा वसूल झाला.

टेबलाच्या मधोमध लोखंडी शेगडी बसवलेली होती आणि शेजारी एक छोटा झेंडा. झेंडा उभा असेपर्यंत कबाबच्या सळया येत राहणार, आडवा केला की थांबणार. कल्पना गमतीची होती. मात्र सव्वासहा झाले, साडेसहाला पाच मिनिटं उरली, तरी टेबलावर ना खजूर, ना पाणी. हॉल तुडुंब भरलेला. गाण्याच्या आवाजात अजान ऐकू येण्याची सोयच नव्हती. शेवटी कोणाच्या तरी मोबाइलवर अजान वाजली आणि सगळ्या हॉलभर हात उंचावले, दुआसाठी नव्हे, वेटरला बोलावण्यासाठी. सासूबाईंनी पर्समधून कागदाची पुडी काढली. घरून आणलेले पाच खजूर. त्या पाच खजुरांवर आमचे पाच रोजे सुटले. सरबत आलं तेव्हा सात वाजायला आले होते.

नमाजची जागा विचारली तर साठवणीच्या खोलीबाहेर, कोल्ड्रिंकच्या क्रेटांना लागून, दोन चटया अंथरल्या होत्या. बायकांसाठी काही नव्हतं. सासूबाईंनी खुर्चीवर बसूनच नमाज पढली. आजूबाजूला सळया फिरत होत्या आणि त्या डोळे मिटून बसल्या होत्या. मला त्यांची माफी मागावीशी वाटली.

आता खाण्याविषयी. शीक कबाब ही दिसायला सोपी आणि करायला अवघड गोष्ट आहे. खिमा पिळून कोरडा करावा लागतो, त्यात चरबीचा अंश लागतो, नाहीतर मांस भुकटीसारखं लागतं. मऊपणासाठी कच्ची पपई, बांधणीसाठी भाजलेल्या डाळ्याचं पीठ. ओल्या हातानं सळईवर थापायचं आणि लाल निखाऱ्यांवर धरायचं. चरबीचा थेंब निखाऱ्यावर पडतो, त्याचा धूर उठतो आणि तोच धूर कबाबला चव देतो. सळईवरून उतरला की लगेच ताटात, कांद्याशी आणि लिंबाशी. मधे दहा मिनिटं गेली तरी कबाब उतरणीला लागतो. विजापूर वेशीत रस्त्याकडेला पुठ्ठ्यानं वारा घालत उभा असलेला माणूस हे सगळं एका हातानं करतो, दुसऱ्या हातानं पैसे घेतो.

आमच्या शेगडीवर जे आलं ते आधीच कधीतरी भाजून ठेवलेलं होतं. विझत आलेल्या निखाऱ्यांवर ते नुसतं गरम राहण्यासाठी पडून होतं, आणि गरम राहता राहता वाळत होतं. चिकन, पनीर, मशरूम, बटाटा, सगळ्यांना एकच लाल मसाला. डोळे मिटून खाल्लं असतं तर काय खाल्लं ते सांगता आलं नसतं. सासूबाईंनी एक तुकडा चावून बघितला आणि हळूच बाजूला ठेवला. "दाँत अपनेच हैं बेटा, अमानत हैं," एवढंच म्हणाल्या.

रेस्टॉरंटची बाजूही समजून घ्यायला हवी. एरवी त्यांच्याकडे गिऱ्हाईक सात ते दहा असं टप्प्याटप्प्यानं येतं. इफ्तारला मात्र सगळी टेबलं एकाच मिनिटाला तोंड उघडतात. इतक्या सळया एका वेळी ताज्या भाजून देणं कोणत्याही भटारखान्याला जमणार नाही. म्हणजे आधी भाजून ठेवणं आलं, म्हणजे वाळणं आलं. ज्यांना हे गणित ठाऊक आहे त्यांनी 'अनलिमिटेड' असं लिहू नये, एवढीच तक्रार. एक गरम सळई वेळेवर मिळाली असती तर कोणीही दुसरी मागितली नसती.

पण 'अनलिमिटेड' हा शब्द खाणाऱ्यालाही बिघडवतो. अर्ध्या तासात आमचं टेबल बदलून गेलं. नवरा सळया मोजू लागला. मुलगा म्हणाला, "अब्बू, अजून दोन मागवू, नाहीतर पैसे फुकट." ज्या दिवशी तेरा तास पोटाला आवर घातला, त्याच दिवशी आम्ही 'वसूल' या शब्दापायी नको असलेलं अन्न मागवत होतो. शेजारच्या टेबलावर तर ताटं अर्धी भरलेली तशीच उचलली गेली. मराठीत एक फार जुनी म्हण आहे, एकादशी आणि दुप्पट खाशी. तिचं उर्दू भाषांतर करायची गरज नाही, आम्ही ती करून दाखवतो.

आमच्या टेबलावर वाढायला एक मुलगा होता. असेल एकोणीस-वीस वर्षांचा. डोक्याला फेटा, अंगात चकचकीत शेरवानी, कपाळावर घाम. माझ्या वर्गात बसतात तशा मुलांसारखाच. त्याचे ओठ पांढरे पडलेले पाहून मी विचारलं, "रोजा आहे?" मान हलवली. "सोडलास?" तो हसला. "पानी पी लिया मॅडम, पीछे जाके. खजूर जेब में है." खिशात खजूर ठेवून तो अर्धा तास दुसऱ्यांचे रोजे सोडवत होता. मी खुर्ची ओढून म्हटलं, "खा आधी, आमचं थांबेल." तो घाबरून मॅनेजरकडे पाहू लागला. मुलानं झेंडा आडवा केला. तेवढंच आमच्या हातात होतं. पण शेजारच्या चार टेबलांचे झेंडे उभेच होते.

बिल ३,८२७ रुपये झालं. पाण्याच्या बाटल्या वेगळ्या.

परतताना गाडीत सगळे गप्प होते. मग नवरा मोठा सुस्कारा टाकून म्हणाला, "काही म्हणा, घरचंच बरं." सासूबाई म्हणाल्या, "हौ." मुलं म्हणाली, "अम्मीच्या भज्यांची सर नाही."

रेस्टॉरंटमधला कबाब मला जेवढा लागला नाही तेवढं हे वाक्य लागलं.

ते कौतुक होतं हे मला कळत होतं. नवऱ्यानं स्वतःच्या खिशातून पैसे घालून मला सुट्टी द्यायचा प्रयत्न केला होता, त्याचा उत्साह खरा होता. पण त्या एका वाक्यानं माझी सुट्टी रद्द झाली होती. बाहेरचं वाईट निघालं, म्हणून घरचं चांगलं ठरलं, आणि घरचं चांगलं ठरलं, म्हणून मी सोमवारी पाच वाजता पुन्हा कढईसमोर. कबाब कोणीतरी आधीच भाजून ठेवला, त्याची शिक्षा मला. 'घरचंच बरं' म्हणताना घर म्हणजे कोण, हे कोणीच विचारत नाही. घराला हात नसतात. ओटा स्वतःहून भजी तळत नाही.

दुसऱ्या दिवशी स्टाफरूममध्ये हे सांगितलं तर मराठी विभागातल्या मॅडम हसत सुटल्या. म्हणाल्या, "अगं, आमच्याकडे श्रावणी सोमवारी मी दोन स्वयंपाक करते. उपवास न करणाऱ्यांचा वेगळा आणि उपवासाची साबुदाण्याची खिचडी, वऱ्याचे तांदूळ, दाण्याची आमटी वेगळी. उपवास मलाही असतो, पण खिचडी निवल्यावर खाते." दुसऱ्या एकीनं नवरात्राचे नऊ दिवस सांगितले. पंधरा मिनिटांत आम्हाला कळलं की आमचे सण वेगळे आहेत, कॅलेंडर वेगळं आहे, पण उपास करून उपासाचं रांधणारी बाई एकच आहे.

त्या रात्री मला तो फेटेवाला मुलगा आठवला. इफ्तारची वेळ सगळ्यांची एकच असते, पण वाढणाऱ्याचा इफ्तार नेहमी मागं राहतो. रेस्टॉरंटमध्ये तो मागं राहिला, घरी मी राहते. माझी आई राहायची. अजान झाली की ती म्हणायची, "तुम लोग शुरू करो, मैं आयी," आणि शेवटचा घाणा काढून यायची तोवर आमचं सरबत संपलेलं असायचं. आम्हा भावंडांना ते प्रेम वाटायचं. प्रेम होतंच. पण तिचा खजूर आम्ही कोणी हातात नेऊन दिल्याचं मला आठवत नाही.

कोणी म्हणेल, रमजान म्हणजे बरकतीचा महिना, दस्तरख्वान भरलेलं हवं, मुलांच्या आठवणी यातूनच होतात. मान्य. माझ्याही आठवणी त्यातूनच झाल्या आहेत आणि कोरड्या रमजानचा उपदेश करायला मी बसलेली नाही. पण हा भार धर्मानं घातलेला नाही, हे स्वच्छ सांगायला हवं. हदीसमध्ये पैगंबरांच्या इफ्तारचं जे वर्णन आहे ते फार छोटं आहे. ताजे खजूर असले तर ते, नाहीतर सुके, तेही नसले तर पाण्याचे घोट. आणि घरात ते काय करत, असं विचारल्यावर हजरत आयेशांनी सांगितलं की ते घरच्यांच्या कामात असत आणि नमाजची वेळ झाली की नमाजला जात. आमच्या मोहल्ल्यातल्या पुरुषांना यातला नमाजचा भाग तोंडपाठ आहे, घरकामाचा भाग जरा कच्चा राहिला आहे. रोजेदाराला इफ्तार घडवणाऱ्यालाही त्याच्याइतकंच पुण्य मिळतं, हेही हदीसमध्ये आहे. पण त्याचा अर्थ घडवणाऱ्यानं स्वतः उपाशी उभं राहावं, असा कुठंही नाही.

मग करायचं काय? घर बंद करून रोज ग्रिलला जायचं? ते झेपणारंही नाही आणि दातांनाही परवडणार नाही. आमच्या घरी सोमवारी थोडी वादावादी झाली, नवऱ्याला आधी वाईट वाटलं, मग दोन-तीन गोष्टी ठरल्या. तळण आठवड्यातून दोनदाच. बाकी दिवस खजूर, फळं, भिजवलेले हरभरे किंवा मूग, आणि मगरीबनंतर सरळ जेवण. फळं कापणं मुलाकडे, सरबत धाकटीकडे, सहरीची भांडी नवऱ्याकडे. आणि सगळ्यात महत्त्वाचं, अजानच्या पाच मिनिटं आधी गॅस बंद. जे झालं ते झालं, जे राहिलं ते राहिलं. अजान होताना दस्तरख्वानाशी पाचही जण बसलेले हवेत. फार मोठी क्रांती नाही ही. पण त्या पाच मिनिटांत दुआ मागता येते, हे मला कितीतरी वर्षांनी कळलं.

आणि रेस्टॉरंटवाल्यांना, मग मालक कोणत्याही धर्माचे असोत, एक विनंती. कापडी मिनार नसले तरी चालेल. वेळेआधी प्रत्येक टेबलावर खजूर, पाणी आणि चार फळांच्या फोडींची एक छोटी बशी ठेवा. अजान झाली की दहा मिनिटं सळया थांबवा. त्या दहा मिनिटांत तुमची वाढणारी मुलं मागं जाऊन नीट बसून रोजा सोडतील, आणि तेवढ्यात तुमच्या भटारखान्यात पहिली फेरी ताजी भाजून होईल. नुकसान काहीच नाही, उलट कबाब सुधारेल. गिऱ्हाईक म्हणून आपणही एवढं करू शकतो. ती दहा मिनिटं हात वर करायचा नाही. समोरच्या मुलाला विचारायचं, सोडलास का रोजा?

बुधवारी मुलानं हट्टानं स्वतः भजी तळली. त्याचाही रोजा होता, त्यामुळे त्यालाही चव बघता आली नाही. मीठ अंमळ जास्तच पडलं होतं. सासूबाई दोन भजी खाऊन तांब्याभर पाणी प्यायल्या. कोणी काही बोललं नाही. मुलगाच पहिला घास घेऊन माझ्याकडे पाहत म्हणाला, "अम्मी, तू रोज अंदाजानं कसं घालतेस?" इतक्या वर्षांत माझ्या भज्यांचं कौतुक खूप झालं, हा प्रश्न पहिल्यांदाच कोणी विचारला.

आता ईदला आठ-दहा दिवस राहिले. आपल्या गावात ईदच्या दिवशी शीरखुर्म्यासाठी कोण कोणाच्या घरी जातं याला धर्माचं बंधन कधी नव्हतं, आणि ते तसंच राहो. तुम्हीही याल. शेवया, खारीक, बदाम, चारोळी घातलेली वाटी तुमच्या हातात येईल. ती देणारी बाई पहाटेपासून दूध आटवत उभी असेल आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांच्या वाट्या भरायला तिला आत वळायचं असेल. तिला क्षणभर थांबवा. शीरखुर्मा छान झालाय, हे तर सांगाच. पण त्याआधी विचारा, "भाभी, तुम्ही घेतला का?"